द्यायचा का घालायचा

गिऱ्हाईक पायरी चढून गादीवर टेकलं की अप्पा पाणी विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "द्यायचा का घालायचा?" कन्नड गिऱ्हाईक असलं तर "कोडूदो, हाक्कोळ्ळूदो?" भाषा बदलायची, प्रश्न तोच.

कोप्पीकर रोडवर आमचं खणांचं दुकान. पणजोबा मिरजेहून गाठोडं घेऊन हुबळीला आले आणि इथलेच झाले. आमच्याकडं चोळीचा खण दोन प्रकारचा. वरच्या फळीवर घालायचे, म्हणजे गुळेदगुड्डहून आलेले, रेशमी काठाचे, मुठीत चुरगाळले तरी चुणी न पडणारे. खालच्या फळीवर द्यायचे. ते पातळ, मापाला तोकडे, फक्त ओटीत देण्यासाठी. ते शिवायचे नसतात हे देणारीला माहीत, घेणारीलाही माहीत. आज माझ्याकडून तुला, चैत्रात तुझ्याकडून तिला. आईनं एकदा गंमत म्हणून एका खणाच्या कोपऱ्यात निळा दोरा घालून तो शेजारणीच्या ओटीत दिला. चौदा महिन्यांनी गाव फिरून तो खण आईच्याच ओटीत परत आला. आई हसून हसून जिन्यातच बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो पुढं दिला.

दुकान चालायचं ते खालच्या फळीवर. "वरची फळी रिकामी राहिली तर चालेल. खालची राहिली तर शटर ओढा," असं अप्पा म्हणायचे. आणि घडी त्यांची स्वतःची होती. खणाची घडी त्रिकोणी घालतातच सगळे, पण अप्पा शेवटचं टोक आत वळवून दडवायचे. सबंध हुबळीत तशी घडी कुणी घालत नव्हतं.

मी या गाद्यांवर लोळत मोठी झाले. चिंतामणी रंगाचा गठ्ठा आला की त्यावर झोपायची. ना निळा ना जांभळा असा तो रंग माझा, हे घरात ठरूनच गेलं होतं. आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, हेही सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

मोठ्या अक्काला सात वेळा "दाखवली". सातही वेळा मी पडद्याआडून बघितलं. चाल बघू, दात बघू, एक अभंग म्हण बघू. एका काकूंनी तर तिचा हात हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघितला, गिऱ्हाईक कापड बघतं तसा. आठव्या वेळी ठरलं. अक्का सुखात आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर हे वाचून तिचा फोन येईल. पण मी तेव्हाच मनाशी म्हटलं, मला कुणी असं दाबून बघायचं नाही.

दोन हजार सालाच्या पुढची दोन वर्षं मी एमएस्सीला धारवाडला होते. हुबळीहून बस अर्ध्या-पाऊण तासाची, रोज जाता आलं असतं. मी लायब्ररीचं निमित्त काढलं आणि सप्तापूरला खोली घेतली. अप्पांनी अट घातली, शनिवारी गल्ल्यावर यायचं. मी कबूल केलं.

खोलीत माझ्याबरोबर बेळगावची एक मुलगी होती. तिचं प्रेम चाललं होतं आणि ते अगदी शास्त्रोक्त होतं. मुलगा आमच्याच कॅन्टीनला यायचा. वर्षभर दोघं समोरासमोर बसून चहा प्यायले. त्यानं तिला ग्रीटिंग कार्डं दिली, सहीच्या जागी नुसता एक ठिपका. हात धरला नाही. ती त्याच्यासाठी सोमवार करायची आणि परीक्षेला जाताना त्याचं कार्ड पर्समध्ये ठेवायची. मी चिडायची. "प्रेम करतेस का दहावीचा अभ्यास?" ती शांतपणे म्हणायची, "तुला नाही कळायचं. गोडी वाट बघण्यात असते."

माझं प्रकरण दुसऱ्या टोकाचं. माझ्या वर्गात अळणावराजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा होता. उंच, काळासावळा, शब्दाला महाग. प्रॅक्टिकलला आमचं टेबल एक. त्याच्या उत्तरांत निम्म्याहून जास्त वेळा दोनच शब्द असायचे, "आत बिडु." म्हणजे झालं, सोड की. माझ्या हातून त्याचं ब्युरेट फुटलं, आत बिडु. मी त्याच्यावर उगाच खेकसले, आत बिडु. माझ्यासारख्या मुलीला असा माणूस भेटला तर आणखी काय होणार?

तेव्हा धारवाडात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, टाइमपास. कोण कुणाबरोबर फिरतंय विचारलं की, "सीरियस नाही गं, टाइमपास." मुलगे तो शब्द मिशीवर ताव देऊन बोलायचे आणि मुलींनी उच्चारला की कान टवकारायचे. मला तेच खटकायचं. म्हणून एक दिवस त्याच्या खोलीच्या जिन्यात उभं राहून मीच त्याला अटी सांगितल्या. लग्नबिग्न नाही. वाढदिवस नाही, भेटवस्तू नाही. घरी सांगायचं नाही, घरी न्यायचं नाही. आवडतंय तोवर, नाही आवडलं की रामराम. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत बिडु."

त्याचे घरमालक नवरा-बायको गुरुवारी दुपारी मठात जायचे. त्यामुळं आमचे गुरुवार. आम्ही तिथं काही रसायनशास्त्र वाचत नव्हतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मला ना भीती वाटली, ना पाप वाटलं. वाटली ती मजाच. येताना कोपऱ्यावर मिरची भजी खायची, तिखटानं नाक पुसत खोलीवर यायचं, आणि बेळगावची विचारायची, "लायब्ररी का?" मी म्हणायची, "लायब्ररी."

हे असं वर्षभर छान चाललं. मधल्या काळात बेळगावच्या मुलीला तिच्या कॅन्टीनमधल्या मुलाचं शेवटचं पाकीट आलं. आत लग्नपत्रिका. मामाची मुलगी, कोप्पळची. वर लिहिलं होतं, सहकुटुंब यावे. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी उठून केस धुतले आणि मला म्हणाली, "तुझं बरं बाई. काही ठरवलंच नाही, म्हणजे मोडायला काही नाही." मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग आली शीगी हुण्णिवी. आमच्याकडं कोजागिरीचं दूध आटवतात, त्याच दिवशी तिकडं शेतकरी घरचं सगळं रांधून शेतात नेतात. पोटरीला आलेल्या पिकाला गरोदर बाई मानून त्याचे डोहाळे पुरवतात. त्यानं सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलं. मी डोळे वटारले, तर म्हणाला, "सगळ्यांना बोलावलंय. तुला एकटीला कुठं?" बरोबर होतं. अट मोडत नव्हती. ऐन वेळी मात्र बाकीचे गळाले आणि बसमधून उतरलो मी आणि बेळगावची, दोघीच.

त्याची आई बुटकी, चपळ, बोलण्यात पोराच्या बरोब्बर उलटी. तिनं भाताच्या उभ्या रोपाला हिरव्या बांगड्या अडकवल्या, खण बांधला, हळदकुंकू वाहिलं. मग बांधावर पानं मांडून आम्हाला वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पुरणाचे कडबू. मी चार कडबू खाल्ले. "जेवती चांगली," असं म्हणून तिनं पाचवा वाढला. मला ती बाई आवडली. तिथं पाण्याच्या पाटाशी बसून पाय बुडवताना मला क्षणभर वाटून गेलं, इथं परत यायला हरकत नाही. मी तो विचार लगेच झटकला.

निघताना तिनं आम्हा दोघींना कुंकू लावलं. कुमारिकांची ओटी भरत नाहीत, म्हणून नारळ आणि खण हातातच दिला. बसमध्ये बसल्यावर मी सवयीनं खणाकडं बघितलं आणि माझे कानच गरम झाले.

घडी त्रिकोणी, टोक आत वळवलेलं. म्हणजे आमच्या दुकानातला. बेळगावचीचा मागितला, चिमटीत धरला. द्यायचा. शेताला बांधलेलाही द्यायचाच होता, तो मी बांधावरच ओळखला होता. आणि माझा? मुठीत चुरगाळून बघितला. चुणी पडली नाही. घालायचा. आणि रंग चिंतामणी.

दुसरी कुठलीही मुलगी असती तर खण बॅगेत टाकून झोपली असती. मी खणवाल्याची पोर. कुठलीही बाई वरच्या फळीवरचा खण परक्या पोरीच्या हातात उगाच देत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. म्हणजे यानं घरी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, माझा आवडता रंगसुद्धा सांगितला. आणि तिकडं माझ्या अंगाचा अंगठ्यानं दाबून हिशेब झाला, मला न विचारता.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटच्या मागं त्याला गाठलं.

"घरी सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"आपलं. मग तुझ्या आईनं मला घालायचा खण कसा दिला?"

"खण म्हणजे खण. त्यात काय घालायचा न् द्यायचा?"

"आणि रंग? रंगसुद्धा सांगितलास?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "तुझा आवडता रंग कुठला, मला माहीत नाही."

हे तर आणखीच झोंबलं. वर्ष झालं आणि याला माझा रंग माहीत नाही. आता कुणी म्हणेल, बाई, सांगितला म्हणूनही भांडतेस आणि माहीत नाही म्हणूनही भांडतेस. हो. भांडले. रागाला कुठं तर्क असतो? म्हटलं, "आपलं काही ठरलेलं नव्हतं. त्यामुळं मोडतही काही नाही. तू तुझा, मी माझी." मला वाटलं आता म्हणेल, आत बिडु. तो ते म्हणाला नाही. वळून निघून गेला.

पहिला गुरुवार मी खरंच लायब्ररीत काढला. एका पानावर दोन तास. दुसऱ्या गुरुवारी ताप आला, असं मी सांगितलं. बेळगावचीनं कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "थंडगार आहेस. काही ठरलं नव्हतं ना? मग जेवत का नाहीस?" मी तिच्यावर ओरडले. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. ती बिचारी वर्षभराची अनुभवी, तिनं काही विचारलं नाही. डोक्याला तेल लावून दिलं.

मला तो माणूस हवा होता. अटी मी घातल्या होत्या, मोडल्या त्यानं असं मी म्हणत होते, आणि आता परत कुठल्या तोंडानं जायचं ते कळत नव्हतं.

शनिवारी दुकानात गेले. दिवाळी तोंडावर, गर्दी मुंग्यांसारखी. दुपारी जरा उसंत मिळाल्यावर मी अप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, हुण्णिवीच्या आधी अळणावरकडची एक बाई येऊन गेली का हो? बुटकी, बडबडी. तिनं तीन खण नेले असणार."

अप्पा गिऱ्हाइकाचं तोंड विसरतील, माल विसरायचे नाहीत. "आली होती की. दोन द्यायचे आणि एक चिंतामणी."

"चिंतामणी घालायचा का घेतला तिनं?"

अप्पांनी गजपट्टी खाली ठेवली. "तिनं कुठं घेतला? तिला तिन्ही द्यायचेच हवे होते. खालच्या फळीवर दोनच उरले होते. बाई लांबून आली होती, म्हटलं, वरचा ने त्याच दरात. हाताला लागला तो दिला."

एवढंच. ना निरोप, ना मागणी, ना माझा हिशेब. दुकानात माल संपला होता म्हणून मी एका माणसाशी भांडले होते. त्यानं घरी काहीही सांगितलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. त्याऐवजी मी समोरचा एकच गठ्ठा तीनदा मोजला, आणि असं का होतंय हे कळायला मला फार वेळ लागला नाही. मला वाईट वाटलं होतं. तो खण चुकून आला म्हणून वाईट वाटलं होतं. इतके दिवस मी ज्याच्यावर चिडले होते, तो घालायचा खण मला हवा होता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं. "काही नाही," म्हटलं. "जा, चहा सांग," ते म्हणाले आणि पुन्हा गजपट्टी उचलली.

मी चहा सांगितला आणि तशीच लॅमिंग्टन रोडला आमच्या शिंप्याकडं गेले. दिवाळीच्या तोंडावर शिंपी देवाचंही ऐकत नाही. त्याच्यापुढं इतका वेळ ठाण मांडून बसले की कंटाळून त्यानं रविवारी रात्रीपर्यंत चोळी शिवून दिली.

सोमवारी डिपार्टमेंटला मी पांढरी साडी आणि चिंतामणी खणाची चोळी घालून गेले. एरवी मी सलवार-कमीजवाली. लॅबमधल्या मुली बघायला लागल्या, शिपाईसुद्धा "हब्ब एनरी?" म्हणून गेला, म्हणजे सण आहे का. तो आमच्या टेबलापाशी ब्युरेट धूत होता. मी शेजारी उभी राहिले.

"हा तुझ्या आईनं दिलेला खण."

त्यानं बघितलं. पुन्हा ब्युरेट धुवायला लागला.

"तिनं द्यायचाच मागितला होता. अप्पांकडं शिल्लक नव्हता, म्हणून वरचा दिला. तुझं चुकलं नव्हतं. चूक दुकानाची."

"मग? आता परत करायचाय?"

"शिवलेला खण आमच्याकडं परत घेत नाहीत."

त्यानं ब्युरेट स्टँडला लावलं, हात पुसले, माझ्याकडं नीट बघितलं. "हा रंग होय तुझा," म्हणाला. आणि मग, देवाची कृपा, "आत बिडु."

अटी त्याच आठवड्यात रद्द झाल्या. तरी लग्नाला चार वर्षं लागली. त्याला आधी नोकरी, मग बहिणीचं लग्न, मग आमच्या भाऊबंदांची तोंडं, खेड्यात पोर देता का म्हणून. अप्पांना सांगायचं मला धैर्य होत नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का?" मी म्हटलं, असतं. "मग झालं," म्हणाले. इतकं सोपं कसं गेलं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. बेळगावची लग्नाला आली, कडेवर मूल घेऊन. नवरा दाखवून केलेला आणि तिच्यासाठी वेडा. मला म्हणाली, "बघ, वाट बघावी लागली नाही, तरी गोड आहे."

नंतर पाचसहा वर्षांनी, अशाच दिवाळीच्या गर्दीत मी माहेरी मदतीला आले होते. सासूबाईही बरोबर होत्या, गादीवर ऐसपैस बसून भडंग खात होत्या. एक नवी नवरी आली. अप्पांनी विचारलं, "द्यायचा का घालायचा?" पोरगी गोंधळली. सासूबाई खदखदून हसल्या.

"मलाबी ह्येच इचारलं हुतं की पयल्यांदा. म्या म्हनलं, दोन द्यायचे, एक घालायचा."

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं. "तिन्ही द्यायचे मागितले होते ना तुम्ही?"

"छ्या. घालायचा कुनासाठी म्हनून इचारलं ह्या अप्पांनी. म्हनलं, पोराच्या वर्गात हाय एक. पोरगं काय बोलत न्हाई, पन सुट्टीला आलं की धारवाडाकडं तोंड करून बसतंय. खोदून खोदून इचारलं तवा एवढंच म्हनलं, खणवाल्याची पोर हाय आनि लई रागीट हाय. म्हनलं, रंग मला काय ठावं, तुमीच काढा. तर ह्यांनी वळून बघितलंबी न्हाई. मागं हात घातला आन् त्योच काढला."

खालची फळी चाळीस वर्षांत कधी रिकामी राहिली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. हुण्णिवीच्या आधीच्या शनिवारी तर मी स्वतः तिच्यावरचे खण विकत होते. आणि वरचा माल खालच्या दरात अप्पांनी सख्ख्या बहिणीलाही कधी दिला नव्हता. मी खणवाल्याची पोर, चिमटीत कापड ओळखणारी, आणि मला समोरचा बाप ओळखता आला नव्हता.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होता, द्यायचे संपले होते म्हणून."

अप्पा नव्या नवरीसाठी खणाची घडी घालत होते. शेवटचं टोक त्यांनी आत वळवलं, अंगठ्यानं दाबून बसवलं.

"मग काय सांगायचं होतं?" ते म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा तुझं तुलाच अजून ठरवायचं होतं."